देवीच्या घरी देवीचाच उपास

सोमवार, मंगळवार, चतुर्थी, एकादशी, मी एकही उपास सोडत नसे. पांढरकवड्यातल्या माझ्या साड्यांच्या दुकानात बायका म्हणत, "केवढी भक्ती!" भक्ती कसली? मला बघायला आले होते तेव्हा माझं जाड अंग बघून चुलतसासरे भरल्या बैठकीत हसून म्हणाले होते, "पोरगी हाये का सरकीची ढेप?" लग्न झालं, पण तेव्हापासून मला अन्नाची भीती बसली. उपासाच्या नावावर जेवण टाळायचं, आणि कुणी आग्रहानं खाऊ घातलंच तर मागच्या दारी जाऊन मुद्दाम ओकून टाकायचं. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, घरोघरी हात आखडता होता. त्यात माझं रिकामं ताट कुणाला दिसलं नाही.

दुकान मी एकटीनं उभं केलं. भाव करण्यात मला कुणी हरवलं नव्हतं, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. पण दिवस गेले आणि पोटातल्या जिवापुढे माझी हुशारी चालेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ वाढत नाही, तुम्ही जेवता ना? मी हो म्हणाले. घरी येऊन सासूबाईंनी केलेला शिरा खाल्ला आणि ओकून टाकला. माझ्यामुळे बाळ जाणार हे कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं.

मग केळापूरला देवीकडे गेले, खरं तर भांडायलाच. तिथे पंगत बसली होती. कुणीतरी हाताला धरून बसवलं. पानावर वरण-भात पडला तशी मी उठू लागले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं माझा पदर धरला.

"पोटुशी हायेस न वं? मंग पानावरून काहून उठून राह्यली?"

"मले उपास हाये, मावशी."

"कोणाचा?"

"देवीचा."

"देवीच्या घरी देवीचाच उपास! मंग हे वाढलं कोणं?"

पंगतीतल्या बाया हसल्या. मी तडकले. "दोन घास खाईन. जास्त नाही."

"लुगडं घ्याले आलीस काय इथं? भाव नको करू. खाय."

रागारागानं पान संपवलं आणि नेहमीसारखी देवळामागे निघाले. ती पाठोपाठ आली.

"परसाद टाकत नसते, पोरी. माही लेकही असंच करे."

अन्न पोटात जिरेपर्यंत माझा हात धरून ती पायरीवर बसून राहिली. तिचं गावही मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ताट आधी देवीपुढे ठेवू लागले. नैवेद्य दाखवला की तो प्रसाद, आणि प्रसाद टाकायची माझी छाती नव्हती. डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी यवतमाळला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तरी सोपं झालं नाही. कितीदा ताटापुढे रडले, कधी हरलेसुद्धा. मुलगी झाली ती एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. पण जगली. आता भाकरीवर तूप मागून घेते.

चुलतसासऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. तेवढं देवीपुढे ठेवायचं राहिलं आहे. भूक मात्र तिच्या स्वाधीन केली. रोज ताट तिच्यापुढे ठेवते, हात जोडते, आणि भाव न करता जेवते.