लोखंडी खाट आणि सूर्यमाळची बाई

मी रोग्यांची शुश्रूषा शिकत होते तेव्हा जव्हारवर राजांचं राज्य होतं, आणि दवाखान्यात डॉक्टरसाहेबांचं. मी बालविधवा. ‘परक्यांची घाण काढायला निघाली’ म्हणून सासरच्यांनी माझं नाव टाकलं होतं. टाकलं तर टाकलं. वर्षअखेरीला डॉक्टरसाहेबांच्या सहीचा दाखला मिळाला की मी माझ्या पायांवर उभी राहणार होते. त्यासाठी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तेवढंच मला कधी जमलं नाही.

आम्हा दोघी मुलींना शिकवायला मुंबईहून एक वयस्क परिचारिका आल्या होत्या. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या बजावायच्या, “औषध डॉक्टर देतील, पाठ तुम्ही सांभाळायची.” पडून असलेल्या रोग्याची दर दोन तासांनी कूस बदलायची. अंगाखाली ओल नको, चादरीला सुरकुती नको. माकडहाड आणि टाचा रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. तिथली लाली बोटाने दाबूनही गेली नाही, तर कातडी फुटायला आली समजा. आणि एकदा पाठ फुटली की अशक्त माणूस तापातून वाचून जखमेने जातो.

सूर्यमाळच्या एका पाड्यावरून एक बाई डोलीतून आली. मुदतीचा ताप होता. तिला लोखंडी खाटेवर ठेवलं. जन्मभर चुलीशेजारी भुईवर निजलेली ती बाई दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरून उताणी पडून राहिली. कूस बदलायला गेलं की किंचाळायची, “बाय, माना भुईवर घे! हितनं मी पडन!”

तिसऱ्या दिवशी माकडहाडावर लाली दिसली. मी बोटाने दाबली. ती गेली नाही.

मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. “हा दवाखाना आहे, गोठा नव्हे,” ते म्हणाले. “रोगी खाटेवरच राहील.” आणि दुपारच्या जेवणाला घरी गेले.

मी तिच्या नवऱ्याला हाताशी धरलं. फरशीवर पेंढा पसरला, हात फिरवून सारखा केला. वर दोन घोंगड्या आणि त्यावर धुतलेलं लुगडं ताणून घातलं. दोघांनी मिळून तिला खाली घेतलं. भुईला अंग लागलं आणि तिच्या मुठी सुटल्या. मी वळवली तशी ती मुकाट्याने वळली. मला रडूच आलं.

घोळ पुढेच झाला. आमच्या गावात माणसाला खाटेवरून खाली घेतात ते शेवटचंच. कंपाउंडरने दारातून पाहिलं आणि धावत घरी जाऊन तुळशीपत्र आणि गंगाजलाचा गडू घेऊन आला.

“गेली का गं?”

“तहान लागलीय तिला,” मी म्हटलं. गडू त्याच्या हातातून घेतला, पाणी उकळलं, गाळलं, निवू दिलं आणि चमच्याने तिला पाजलं. तुळस त्याच्याच हातात राहिली. तिचा नवरा तिच्या उशाशी बसला होता. तो म्हणाला, “आमी त रोज भुईवरच निजतो. मंग रोज मरतो काय?”

डॉक्टरसाहेब आले ते लालबुंद होऊनच. “तिला वर ठेव, नाहीतर दाखला विसर.”

“साहेब, आधी तिची पाठ बघा. मग माझ्या दाखल्याचं बोला.”

त्यांनी पाठ बघितली नाही. मीही तिला वर ठेवली नाही. माणसाच्या जिवापेक्षा खाटेचा मान मोठा, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. दर दोन तासांनी मी फरशीवर गुडघे टेकत राहिले. तिची पाठ पुसून कोरडी करायची, कूस बदलायची, लाली बघायची. माझे गुडघे सोलवटले. तिच्या पाठीवरची लाली मात्र फिकी होत होत नाहीशी झाली.

मग एके सकाळी मी हात लावायच्या आत ती स्वतःहून कुशीवर वळली. नेमके तेव्हाच डॉक्टरसाहेब दारात उभे होते. तिची पाठ त्यांच्याकडेच होती, त्यामुळे बघावीच लागली. मग ते पुढच्या खाटेकडे वळले.

दाखला मला मिळाला. त्यावर त्यांच्याच अक्षरात शेरा आहे: ‘कामात हुशार. आज्ञाधारक नाही.’ माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी मी तो मोठ्याने वाचायला लावते, आणि मग जमिनीवर गुडघे टेकायला.