मावशीच्या कागदावरचा नवरा

मावशीची लष्करातली मैत्रीण मला लहानपणापासून खुपायची. आईची ही धाकटी बहीण लहानपणी मुंबईहून इस्रायलला आली, अठराव्या वर्षी सैन्यात गेली आणि तिथंच वीस वर्षं राहिली. बुटांपासून तंबूंपर्यंत सगळं कोठार तिच्या हाताखाली होतं. बाहेर पडली ती या मोरोक्कन मैत्रिणीला घेऊनच. दोघी अश्केलोनला दोन खोल्यांत राहत. आमच्या मराठी ज्यू मंडळींत म्हणत, "एकटीला सोबत आहे, बरं आहे." सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मी दर शुक्रवारी जायचे आणि मावशीशेजारची खुर्ची आधी पटकवायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी बायकांच्या आरोग्याच्या चळवळीत होते. पाळी जाण्याच्या वयावर मी पत्रक लिहिलं: अंगातून निघणाऱ्या वाफा, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, इच्छा. लाजायचं कारण नाही, डॉक्टरला विचारा, असं ठणकावून. हिब्रूत लिहिलं तेव्हा "जोडीदार, पुरुष असो वा बाई" असं स्वच्छ लिहिलं. मग आमच्या मोठ्या बायकांसाठी मराठीत उतरवलं आणि तिथं सगळीकडे "नवरा" घातला. त्या बिचकतील, हे मीच ठरवून टाकलं होतं.

मावशीकडे मलिदा, म्हणजे आमचा नवसाचा प्रसाद होता. गोड पोहे, खोबरं, फळं ताटांत मांडली होती, एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन झालं होतं. बायका खात होत्या आणि मी कागद वाटत होते. हिब्रू कागद एकच उरला होता, तो मैत्रिणीनं घेतला.

पुढच्या शुक्रवारी दोन्ही कागद मावशीच्या टेबलावर शेजारीशेजारी होते.

"हिनं मला हिचा वाचून दाखवला," मावशी म्हणाली. "हिच्या कागदावर मी आहे. माझ्या कागदावर मी नाही."

"मावशी, आपल्या बायका वाचणार नाहीत म्हणून..."

"आणि मी कुठली गं? परक्यांतली?"

मैत्रीण ओट्यापाशी होती. "पोरीला जेवू दे आधी," ती हिब्रूत म्हणाली. "नंतर कोर्ट-मार्शल कर."

तिनं माझी बाजू घेतली, हे मला मावशीच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

मग मावशीनं सांगितलं. दोन वर्षं संबंधाच्या वेळी दुखत होतं. डॉक्टरनं विचारलं, नवरा आहे? मावशी म्हणाली, नाही. "मग आता या वयात कशाला काळजी," म्हणून त्यानं फाईल मिटली. तपासलंसुद्धा नाही. मी संतापले. त्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं, तक्रार करायची, सगळं बोलून घेतलं. पण आत दुसरंच जळत होतं. दोन वर्षं ती ओट्यापाशी उभी असलेली बाई हे जाणत होती, आणि मी याच विषयावर गावोगाव बोलत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू कागद दिलास."

मी ओळखीतून एक चांगली बाई डॉक्टर शोधली, वेळ घेतली, गाडी चालवली. नाव पुकारलं तशी मी उठले. मला वाटलं होतं, डॉक्टरशी मीच बोलणार. प्रश्न लिहूनही आणले होते.

"तू बस," मावशी म्हणाली. प्रश्नांचा कागद तिनं माझ्या हातातून घेतला आणि मैत्रिणीला दिला. दोघींच्या पर्स माझ्या मांडीवर ठेवल्या. दार लागलं.

चांगला अर्धा तास मी पर्स सांभाळत बसले. आतून एकदा मावशीचं हसू ऐकू आलं. माझ्यापाशी ती तशी कधी हसली नव्हती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या.

"मलम दिलंय. आणि तुझे प्रश्न चांगले होते म्हणाल्या," मावशीनं सांगितलं. बाकीचं त्या दोघी परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर हळू आवाजात बोलत राहिल्या, आणि मी आरसा त्यांच्यावरून हलवून रस्त्यावर लावला.