चाळीस हजार कोटींचा डोंगर

समजा, तुमच्यावर चाळीस हजार कोटींचं कर्ज आहे आणि ते सगळं येत्या बारा मार्चला, एकाच दिवशी फेडायचंय. तिजोरीत तेवढे पैसे नाहीत, म्हणजे नवं कर्ज काढूनच जुनं फेडायचं. पण नेमका त्याच आठवड्यात बाजार रुसला, तर देणारा सांगेल तो दर मुकाट्याने मान्य करावा लागेल. काय कराल?

अर्थखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या डोंगरताईंचं हेच काम. नाव कार्यालयाने ठेवलेलं. टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी पुढच्या तीस वर्षांची कागदी पट्टी चिकटवली होती. ज्या वर्षी जेवढं सरकारी कर्ज फेडायचं, तेवढा उंच रंगीत रकाना. या मार्चचा रकाना थेट ट्यूबलाइटला टेकला होता.

ताईंचं म्हणणं साधं होतं. बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंड यांच्याकडे या कर्जाचे जुने रोखे आहेत. त्यांना आत्ताच सांगायचं, जुने परत द्या आणि लांब मुदतीचे नवे घ्या. जुन्याला किती भाव हवा ते तुम्हीच बोला. जो कमी मागेल त्याचं आधी घेऊ.

संचालकसाहेबांना ते पटेना. "दोन वर्षांचं स्वस्त कर्ज काढू आणि मोकळे होऊ."

"मोकळे कसले, साहेब? दोन वर्षांनी हाच डोंगर पुन्हा समोर."

"तेव्हा मी निवृत्त झालेला असेन."

"मी नसेन ना."

साहेब हसले आणि एक लिलाव करू दिला. फसला, तर हा विषय परत काढायचा नाही या अटीवर.

लिलावाच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल कुलपात गेले. बोली लावायची मुदत अकराची. पावणेअकरापर्यंत आल्या फक्त दोन. साहेब खोलीत येरझारा घालू लागले. ताई शांत होत्या. शेवटच्या पाच मिनिटांआधी या धंद्यात कुणी पत्ते उघडत नाही, हे त्यांना बावीस वर्षांत पाठ झालं होतं. झालंही तसंच. अकराच्या ठोक्याला त्रेपन्न बोली जमल्या.

सहायक मुलीने यादी पडद्यावर लावली. साहेबांनी पहिला आकडा वाचला आणि चष्मा काढला.

"शंभराच्या रोख्याला एकशे एक रुपये नव्वद? लुटायला बसलेत काय? रद्द करा."

ताईंनी कालचा भाव आठवला. काल बाजारात हाच रोखा शंभर रुपये वीस पैशांना विकला गेला होता. एकाच सकाळी सगळे एवढे हावरे कसे झाले? त्यांनी माउस हातात घेतला आणि यादीच्या तळाशी गेल्या. तिथे शंभर दहा, शंभर पंधरा, शंभर वीस असे भाव ओळीने बसले होते.

"थांबा, साहेब. यादी उलटी लागलीये. नेहमी आपण रोखे विकतो, तेव्हा जास्त भाववाला वर लागतो. आज आपण परत घेतोय."

"कुणी केला हा घोळ?"

सहायक मुलीने मान खाली घातली.

"मी," ताई म्हणाल्या. "गेल्या महिन्याच्या विक्रीचा तक्ता मीच जसाच्या तसा उचलला."

यादी सुलटी केली. एकवीस हजार कोटींचे जुने रोखे शंभर रुपये पस्तीस पैशांच्या आत मिळत होते. साहेबांनी स्वतः दोनदा बेरीज केली.

"ताई, घाम तुम्हीच फोडलात आणि तुम्हीच पुसलात," असं म्हणत त्यांनी सही केली.

ताई स्टुलावर चढल्या. मार्चचा रकाना कात्रीने निम्म्याहून जास्त कापला आणि त्याचे तीन तुकडे नऊ, अकरा आणि चौदा वर्षांपुढे चिकटवले. बघायला अख्खा मजला जमला होता. उतरताना ताईंची मान अशी ताठ होती, की स्टूल धरणाऱ्या शिपाईदादांना वाटलं, बाई अजून वरच आहेत.

घरी वडिलांनी विचारलं. ते जन्मभर गवंडीकाम केलेले, हिशेबाला पक्के. "म्हणजे कर्ज कमी झालं?"

"एक पैसाही नाही, बाबा. एकदम अंगावर येणार होतं, ते वाटून दिलं."

"अगं, मग चांगलंच केलंस. ओझं एका खेपेत चढवलं की शिडी मोडते." मग म्हणाले, "फुकट तर नसेल झालं?"

फुकट नव्हतं. दोन वर्षांच्या कर्जापेक्षा या नव्या रोख्यांचा दर पाऊण टक्क्याने जास्त; वर्षाला दीडशे कोटींहून अधिक. ताईंनी तो आकडा वहीत लिहून ठेवलाय आणि अजूनही अधूनमधून त्याकडे बघतात. बारा मार्चला बाजार रुसलाच नाही, तर एवढे पैसे कशाबद्दल दिले म्हणायचे?