एका भिंतीचा खर्च

कर्जतला आम्ही ज्या घरात वर्षानुवर्षं भाड्यानं राहिलो, ते पाडून तिथं इमारत उभी करायचं मालकानं ठरवलं आणि आम्हाला दिवाळीपर्यंत घर सोडायला सांगितलं. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. नवऱ्याच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, त्यामुळं फ्लॅट नको, बसकं का होईना पण जमिनीवरचं घर हवं होतं.

एजंटनं आधी चौक गावात नेलं. घराला लागूनच गॅरेज. आतल्या खोलीत एकमेकांशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. "मॅडम, रविवारी बंद असतं," तो म्हणाला. कशेळ्याजवळचं एक घर आवडलं, तर बोलणी झाल्यावर मालकाचा फोन आला की मुंबईची पार्टी जास्त देतेय. शनिवार-रविवार बाजेवर लोळायला घर हवं म्हणून ही माणसं तोंडाला येईल तो आकडा बोलतात. माझा जन्म या तालुक्यात गेला, इथल्या निम्म्या पोरांना मी पाढे शिकवले, आणि मला इथं दोन खोल्या परवडत नव्हत्या. त्या संतापातच मी कोंडाणे गावातलं घर पहिल्या भेटीत पक्कं करून टाकलं.

ते एक घर नव्हतं, अर्धं घर होतं. दोन भावांनी जुनं कौलारू घर मधे मातीची भिंत ठेवून वाटून घेतलेलं. धाकटा पनवेलला स्थायिक झाला होता आणि आपला अर्धा भाग विकत होता. थोरला शेजारच्या अर्ध्यात बायकोसह राहत होता. आम्ही घर बघत होतो तेव्हा तो ओट्यावर बसून आमच्याकडे एकटक बघत होता. पाणी हवं का, एवढंही विचारलं नाही.

"तो तसाच आहे," धाकटा म्हणाला. "त्याची काही हरकत नाही."

व्यवहार झाला. दुरुस्तीला चौकचा एक ठेकेदार ठरवला. त्यानं कौलं उतरवली, मधल्या भिंतीत पहार घातली, ती अर्ध्याहून जास्त आत गेली. वाळवीनं भिंत आतून पोखरली होती.

"मॅडम, हिच्यावर नवं छप्पर टाकलं तर मी जबाबदार नाही. पाडून विटांची बांधू."

शेजारचा थोरला भाऊ ओट्यावरून उठला. "भिंतीला हात लावायचा नाय."

"अहो, ती तुमच्याही अंगावर येईल," माझा नवरा म्हणाला.

"येऊ दे. आमचं आमी बघू."

त्याचेही वासे त्याच भिंतीवर टेकलेले होते, त्यामुळं त्याच्या परवानगीशिवाय तिला हात लावणं शक्य नव्हतं. नवरा दोनदा त्याच्याकडे जाऊन हात जोडून आला. तिसऱ्यांदा मीच गेले. माझ्या खर्चानं बांधून देते, म्हणाले. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"बाई, ह्ये घर मी मागितलं व्हतं भावाकडं," तो म्हणाला. "हप्त्यानं देतो म्हटलं. त्यानं हो म्हटलं. आन मंग तुमी टेप घेऊन आलात तवा आमाला कळलं, इकलं म्हणून."

"मग तो राग भावावर काढा ना. माझ्यावर कशाला?"

"त्यो हितं नाय. तुमी हाय."

 मला त्याची दया आली नाही. दुसऱ्या दिवशी आधीच मागवलेल्या विटांचा टेंपो आला, तर त्यानं वाटेत बैलगाडीची जुनी चाकं आणि सरपणाचा ढीग रचून ठेवला होता. टेंपो रस्त्यावरच रिकामा करावा लागला आणि विटा बायांनी डोक्यावरून आणल्या. त्यांची मजुरी वेगळी. मी धाकट्याला फोन लावला. "बाई, मी विकून मोकळा झालो, आता तुमचं तुम्ही बघा," म्हणून त्यानं फोन ठेवला. नंतर तो उचलतच नव्हता.

शेवटी ठेकेदारानं तोडगा काढला. जुनी भिंत तशीच ठेवायची, तिला लागून आमच्या बाजूनं पायापासून नवी बांधायची. त्यात खोलीची दीड फूट रुंदी गेली. पाया, सळई, सिमेंट, सगळं वाढलं. त्या एका भिंतीपायी स्वयंपाकघराचा ओटा आणि मोरीच्या फरशा रद्द केल्या, आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतली जी रक्कम आजारपणाला म्हणून बाजूला ठेवली होती, तीही मोडली.

"तुलाच घाई झाली होती," नवरा म्हणाला.

"आणि तुम्हाला हात जोडायची!" मी म्हणाले. त्यानंतर आठवडाभर आम्ही जेवणापुरतंच बोलत होतो.

दिवाळीच्या आधी राहायला गेलो. पुढच्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, ती मातीची भिंत त्यांच्या बाजूला बसली. कोणाला लागलं नाही. त्यांची भांड्यांची मांडणी गाडली गेली, अर्धं छप्पर खाली आलं. त्याची बायको ओट्यावर उभी राहून धाकट्या दिराला मोठमोठ्यानं शिव्या घालत होती. माझा नवरा मदतीला धावला. मी दारातून बघत राहिले. मी सांगितलं होतं, एवढंच माझ्या मनात होतं.

महिनाभरानं बहिणीकडून खोपोलीहून परत आले, तर शेजारी नवं छप्पर चढलेलं. कशावर चढलंय ते बघायला मी त्यांच्या बाजूला गेले. माझ्या भिंतीला ओळीनं भोकं पाडून त्यानं वासे आत घातले होते.

"ही माझी भिंत आहे!"

"मंग काडा," तो म्हणाला आणि कौल सरळ करू लागला.

नवऱ्याला हे माहीत होतं. "कुठं राहतील गं ते?" एवढंच त्याचं म्हणणं. ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, केस जिंकाल, पण निकाल ऐकायला तुम्ही असाल का ते बघा. भिंतीचा अर्धा खर्च तरी द्या, असं मी शेजाऱ्याला सांगितलं. "भावाकडून घ्या," तो म्हणाला.

आणि वर हे झालं की वाशांच्या भोवती त्यानं नुसता चिखल लिंपला होता. पाऊस तिथून थेट माझ्या भिंतीत मुरायला लागला, माझ्या पलंगाच्या डोक्याशी ओल आली. मी ठेकेदाराचा गवंडी बोलावला. सिमेंट माझं, मजुरी माझी. गवंडी त्यांच्या बाजूला शिडी लावून भोकं बुजवत होता, मी खाली उभी होते. शेजारी ओट्यावरून आला, कमरेवर हात ठेवून वर बघू लागला.

"त्यो कोपरा राह्यला. त्यो पन भर रं," त्यानं माझ्या गवंड्याला सांगितलं.

गवंड्यानं थापी थांबवून माझ्याकडे बघितलं.

"भर," मी म्हणाले.