दशरथ येऊन राहिला

“मास्टर, ये औरत जा रही है के नहीं जा रही? एक बात बोलो!”

मिश्रासाहेब दारात उभे होते. आमचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, पण घाई झाली की त्यांचा आवाज वर चढायचा. त्यांच्यामागे बिरसीचं मैदान आणि मैदानात उभं असलेलं जहाज दिसत होतं. ते उद्या सकाळी उठणार होतं. सरजाबाई माझ्या टेबलाशेजारी खाली बसली होती. एका बाजूला तिचं गाठोडं, मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता. बाई विड्या वळत होती. आणि मी कानाला हेडफोन लावून खरखर ऐकत बसलो होतो.

“साहब, पता नहीं,” मी म्हणालो.

“पता नहीं? मैसेज तो आया ना?”

“आया. उसीका तो झगड़ा है.”

आता झगडा काय होता ते सांगतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आमचं काम वरून येणारा आवाज ऐकण्याचं. झाडीपट्टीतून, म्हणजे ह्या गोंदिया-भंडाऱ्याकडून, जी माणसं जहाजानं वर आकाशातल्या दुसऱ्या जगात गेली, त्यांनी त्या मुलखाला पैलपट्टी म्हटलं. सरकारी कागदावर दुसरंच लांबलचक नाव होतं, ते कोणी घेत नसे. तिथे आधीपासून राहणारे जे होते, त्यांना आपली मंडळी पाहुणे म्हणत. खरं म्हणजे पाहुणे आपण! पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. मी एकच पाहुणा जवळून पाहिला, ह्याच मैदानात. उंच, राखाडी, सावकाश हलणारा. लोकांनी कौतुकानं चहा दिला, तर त्यानं तो स्वतःच्या पायांवर ओतून घेतला आणि बरं वाटल्यासारखा घशातून आवाज काढला. ते पायानं पितात. त्यांच्याकडे पाऊस एकदाच कोसळतो आणि सगळा वाहून जातो. मग बिचारे वर्षभर पाण्यामागे चालत राहायचे. पाणी अडवून ठेवता येतं हे त्यांना आपल्या कोहळी मंडळींनी दाखवलं. गोंदिया-भंडाऱ्याकडची तळी ह्याच लोकांनी बांधलेली, हे इकडे कोणालाही विचारा. सरजाचा नवरा दशरथ त्यातलाच. मातीची पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, कुठे घालायची हे तो जमिनीवर अनवाणी चालून ठरवायचा म्हणे. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा तो वर गेला. तळं झालं की येतो म्हणाला. एक झालं, दुसरं मागितलं. पाहुण्यांना तळ्याचं भलतंच अप्रूप. येतो येतो म्हणता वर्षं गेली.

पैलपट्टी दुपारी आमच्या डोक्यावर यायची. दिवसा दिसायची नाही, पण ऐकू यायची. त्या वेळेला आम्ही खिडकी म्हणायचो. खिडकी उघडली की बोलायचं, मिटली की घरी जायचं. आपला आवाज वर जाऊन उत्तर यायला एक विडी वळून होईल इतका वेळ लागे. हे माप सरजानंच बसवलं होतं. तिकडे बोलायला बसायचा एक पाहुणा, कारण खरखरीतून शब्द निवडायला त्यांच्यासारखे कान माणसाला नाहीत. त्याचं नाव उच्चारायला दोन घसे लागतात. आपल्या लोकांनी त्याचं नाव फागू ठेवलं आणि मोकळे झाले.

आमच्या कामाचा नियम एकच. कानावर येईल तसंच तोंडातून जाऊ द्यायचं. आपला अर्थ आत घालायचा नाही.

तेव्हा लढाई सुरू होती. मैदान लष्कराला विमानांसाठी हवं होतं. हुकूम आला: एक जहाज इथून जाईल, एक तिथून येईल आणि लाईन बंद. जाणारं परत यायचं नाही, येणारं परत जायचं नाही. ज्याचा पाय जिथे टेकला तो तिथला. सरजाला जाणाऱ्या जहाजात जागा मिळाली होती. पण दशरथच येत असला तर? मग तिनं थांबायला हवं. तो तिकडेच राहणार असला तर तिनं जायला हवं. चुकलं तर नवराबायको आकाशात एकमेकांच्या शेजारून निघून जाणार आणि जन्माची ताटातूट.

म्हणून तिनं विचारलं होतं, दशरथचं काय ठरलं. आणि फागूचं उत्तर आलं होतं, “दशरथ येऊन राहिला.”

झालं! इथेच घोडं अडलं.

मी सासवडकडचा. आमच्याकडे ‘येऊन राहिला’ म्हणजे आला आणि मुक्काम ठोकला. नवीन बदली होऊन गोंदियाला उतरलो तेव्हा आमच्या ऑफिसातल्या शिपायाला विचारलं, “साहेब आहेत का?” तो म्हणाला, “साहेब येऊन राहिले.” मी आपला टोपी नीट करून आत गेलो, तर खुर्ची रिकामी. बाहेर येऊन त्याच्यावर डाफरलो. तो शांतपणे म्हणाला, “मंग? येऊनच राहिले ना. रस्त्यात असन.” तेव्हा कळलं. झाडीत ‘येऊन राहिला’ म्हणजे येतो आहे.

पण फागू ना झाडीचा ना सासवडचा. आपली भाषा तो कोणाकडून शिकला? तिकडे तळी बांधणारे झाडीचे, पण शाळा चालवणारे मास्तर घाटावरचे. मास्तरांकडून शिकला असेल तर अर्थ असा, की दशरथ ह्या फागूच्या वस्तीत येऊन राहिलाय. आणि त्याच महिन्यात दशरथ जुन्या तळ्यावरून फागूच्या वस्तीकडे नव्या कामाला जाणार असल्याचं कानावर आलं होतं! म्हणजे दोन्ही अर्थ चपखल बसत होते. कर्म माझं.

“अरे तो सीधा पूछो, हाँ या ना!” मिश्रासाहेब म्हणाले.

“साहब, उनकी बोली में हाँ-ना है ही नहीं.”

खरंच नव्हतं. पाहुणे होय म्हणत नाहीत आणि नाही म्हणत नाहीत. वाक्यच परत करतात. तरी मी विचारलं, “दशरथ बिरसीला यायला निघणार आहे का?” सरजानं एक विडी वळली, दोरा बांधला. उत्तर आलं. सुरुवात सगळी खरखरीनं खाल्ली, शेपूट तेवढं हाती लागलं.

“…राहिला.”

“काय म्हणला?” सरजानं विचारलं.

“राहिला म्हणाला.”

“तं राहिला काय, का येऊन राहिला?”

“बाई, तेच तर ऐकू आलं नाही!”

मी चिडलो होतो, पण तिच्यावर नाही. तिनं मान खाली घातली आणि पुढचं पान कातरलं. पान वाकडं कापलं गेलं. ते तिनं बाजूला टाकलं. व्हरांड्यात एक मासे धरणारा ढीवर म्हातारा सकाळपासून बसून होता. त्याची मुलगी वर होती आणि त्याला जागा मिळाली नव्हती. सरजानं नाही म्हटलं तर ती जागा त्याला. तो नुसता आमच्याकडे बघत होता. त्याचं बघणं मला सोसेना.

खरखर वाढत चालली होती. खिडकी मिटायला आली की असंच होतं.

“एक प्रश्न जाईल अजून,” मी म्हणालो. “लहान हवा. लांब वाक्य टिकत नाही.”

मी मनात जुळवाजुळव करत होतो. ‘थांबू की येऊ’ विचारावं, की ‘जहाजात बसणार का’? तेवढ्यात सरजा म्हणाली, “मास्तर, त्याले विचारा, तिकडे सूर्य काय करून राहिला.”

“क्या?” मिश्रासाहेब ओरडले. “सूरज? अरे बाई, सूरज से तेरे को क्या करना है?”

“मले विचाराचं हाये,” ती म्हणाली. “दिवस बुडाच्या टायमाले पाहुने तलावात रांगेनं उभे राहतात. पानी पेतात. हा पारीवर बसते न बिरसीची याद काढते. मांगं त्यानंच सांगतलं होतं. आता बसला असन का नाई, तेवढंच पाहू द्या.”

पार म्हणजे पाळ. झाडीत ळचा र होतो.

“सरजाबाई, शेवटचा प्रश्न आहे हा,” मी म्हणालो.

“मालूम हाये मले. उत्तर कोनतं बी आलं तरी कोनाले समजून राहिलं? त्यापरीस मले त्याचा सूर्य सांगा.”

सासवडला माझी आई होती. दर पत्रात मी तिला येतोच म्हणून कळवत होतो आणि ती कुणा शेजाऱ्याकडून ते वाचून घेत होती. मी बटण दाबलं आणि सरजाचेच शब्द जसेच्या तसे वर पाठवले. “फागू, तिकडे सूर्य काय करून राहिला?”

ती विडी वळायला लागली. मिश्रासाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हातारा व्हरांड्यातून उठून दारापर्यंत आला.

आणि एकदम खरखर बसली. कधी कधी जाता जाता अशी बसते. फागूचा आवाज आला. दोन माणसं एकदम बोलल्यासारखा, पण स्वच्छ.

“बुडून राहिला. अर्धा दिसते.”

मी मोठ्यानं म्हणून दाखवलं. म्हणता म्हणता खुर्चीवरून उठलो. हेडफोनची वायर ताणली गेली आणि दौत उलटली.

“साहब! बुडून राहिला, और आधा दिखता है!”

“तो?”

“तो मतलब डूब रहा है! डूबके रह नहीं गया! साहब, फागू झाडी बोलता है!”

आणि ‘दिसते’! अहो, घाटावरचा मास्तर जीव देईल, पण पोराला ‘सूर्य दिसते’ शिकवणार नाही. तो ‘दिसतो’च म्हणणार. हा फागू तळ्यावर, चिखलात, आपल्या लोकांत शिकला होता. ह्यात आता शंकेला जागाच नव्हती.

“सरजाबाई,” मी म्हणालो, “दशरथ येऊन राहिला. तुमच्या अर्थानं.”

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ पक्की बसली होती, दातानं सोडवली. आत एक नवं धोतर होतं. ते काढून मांडीवर घेतलं आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. “येऊ दे त्याले,” ती म्हणत होती. “येऊ दे, मंग सांगतो मी त्याले.” दारातल्या म्हाताऱ्यानं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मिश्रासाहेब तोंड फिरवून नाक पुसत होते.

सकाळी जहाज म्हाताऱ्याला घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फागूचा निरोप आला, “जहाज निघून राहिलं.” ह्या वेळी कोणालाच अर्थ विचारावा लागला नाही. मी त्याला दशरथ चढला का म्हणून विचारलं, पण उत्तर यायच्या आत लष्कराची माणसं आत शिरली. आमचं यंत्र सोडवून लाकडी पेट्यांत भरलं आणि ट्रकवर चढवलं. ठरल्या दिवसाच्या आधीच आली होती. मी हातापाया पडलो. मिश्रासाहेब इंग्रजीत भांडले, हिंदीत भांडले. काही उपयोग झाला नाही.

मैदानाला तारेचं कुंपण पडलं. विमानं उतरायला लागली. आमचं जहाज काही उतरलं नाही. कुठे वळवलं, परत पाठवलं, की अजून वरच आहे, हे मिश्रासाहेबांनी नागपूरला विचारलं, मी विचारलं. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी सांगितलं नाही आणि जे सांगायला तयार होते त्यांना ठाऊक नव्हतं.

सरजा आधी रोज कुंपणापाशी जायची. मग बाजाराच्या दिवशी जायला लागली. लोक विचारायचे, “का वो सरजे, आला नाई नवरा?” ती म्हणायची, “येऊन राहिला.” त्यात राग नसायचा आणि वेड तर मुळीच नव्हतं. जे खरं होतं ते सांगायची.

मला मात्र वर्षभर झोप लागली नाही. ती गेली असती तर वाटेत चुकामूक झाली असती, हे दिसतंय. थांबली तरी भेट नाहीच. मी पुन्हा पुन्हा हिशेब मांडतो आणि दर वेळी हेच निघतं, की अर्थ आम्ही बरोबर लावला होता. आमच्या धंद्यात तेवढंच काम असतं. शब्द बरोबर लागला की माणूस घरी जायला मोकळा. ‘येऊन राहिला’ ह्यात येणं आहे, पण कधी ते नाही. ते कुठल्याच बोलीत विचारायची सोय मला सापडली नाही.

लढाई संपली, मिश्रासाहेब त्यांच्या मुलखाला गेले, मी रिटायर झालो. सासवडला आई राहिली नव्हती, पण घर आहे, भाऊ बोलावतो. मी गोंदियाला एक खोली घेतली आहे. सरजा आठवड्याला कारखान्यात विड्या द्यायला येते आणि उन्हं उतरेपर्यंत माझ्या ओट्यावर बसते. दुपारी पैलपट्टी डोक्यावर येते तेव्हा दोघांनाही कळतं, पण वर कोणी बघत नाही. दिवसा ती दिसत नाहीच.

परवा तिनं विचारलं, “मास्तर, तुमी गावाले कवा जाता?”

मी म्हणालो, “जाऊन राहिलो.”

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी तशी हसताना पाहिली. “आता शिकले तुमी झाडी,” म्हणाली आणि सूप मांडीवर ओढून घेतलं. मी तिच्यासाठी आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेलो.