एका गाडीची जागा

ऑटो चालवणाऱ्याचा अर्धा जन्म गाडी उभी करून बसण्यात जातो. भाड्याची वाट पाहता पाहता गप्पा होतात, आणि माझ्यासारखा कमी बोलणारा माणूस दुसऱ्यांच्या गप्पा साठवत राहतो. माझ्या सीटखालच्या डब्यात पाने-पक्कड कमी आणि किस्से जास्त, असं आमचा गजानन म्हणतो. शिरपूरच्या बसस्टँडवर आमच्या पाच गाड्या लागतात. मी तिसरीपर्यंत शिकलेला, म्हणून लिहायला वेळ लागतो. बोलायलाही लागतोच. "काकाचं एक वाक्य संपेपर्यंत बस मालेगावले पोचते," हेही गजाननचंच.

कोरोनाच्या काळात सरकारने मदत दिली, ती कोणाला मिळाली, कोणाला नाही, आणि ते बरोबर झालं का, हा वाद आमच्याकडे अजून निघतो. पेपरात त्यावर दोन ओळी छापून आल्या की स्टँडवरचा तो दिवस त्यातच जातो. त्या वादातले हे किस्से आहेत. सांगायला मला आवडतं, कारण ते आमच्या स्टँडचे आहेत.

*

आमच्या स्टँडवर कायदा एकच, नंबरचा. पहिला आला तो पहिला जाणार. पुढची गाडी भाडं घेऊन निघाली की मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे सरकतात. पेट्रोल जाळायचं नाही म्हणून आम्ही गाड्या हाताने ढकलतो. कोणी जेवायला गेला असेल तर त्याची गाडी बाकीचे ढकलतात. माणूस जागेवर नाही म्हणून त्याचा नंबर जात नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण तीस वर्षांत कोणी मोडलेलंही नाही.

*

लॉकडाऊनमध्ये परवाना असलेल्या ऑटोवाल्यांना दीड हजार रुपये मिळाले. मला आले, गजाननला आले. रफिकला आले नाहीत. वीस वर्षं गाडी तो चालवत होता, पण गाडी आणि परवाना दोन्ही मालकाच्या नावावर. मालक मालेगावला राहायचे आणि त्यांनी कधी ऑटोचं हँडल धरलं नव्हतं.

फॉर्म भरताना त्यांनी रफिकला फोन केला. "अरे रफिक, लॉकडाऊननं माया धंद्याचं काय नुकसान झालं म्हणून सांगू?"

रफिक म्हणाला, "सांगा ना मालक, ड्रायव्हर घरी बसला हाय."

पैसे मालकाच्या खात्यात आले. महिनाभराने त्यांनी गाडीही विकून टाकली.

*

स्टँडवर भागाबाईचं चहाचं दुकान आहे. तेही तेव्हा बंद होतं. बंद दुकानासमोर आम्ही लांब लांब बसायचो. एक दिवस मी हळूच विषय काढला, की ज्यांना मिळाले त्यांनी थोडे थोडे रफिकला द्यावेत.

गजानन उसळला. "काहून? सरकारनं माया नावानं देल्ले. रफिकले द्याचे असन तं सरकारनं द्यावं. मी का सरकार हाव?"

रफिक तिथेच बसला होता. तो हसला. "नाई गजूभाऊ. सरकार दिसत नाई. तुमी तं रोज दिसता."

त्यानंतर दोन दिवस गजानन दिसला नाही.

*

भागाबाईनेही मदतीसाठी अर्ज करायचं ठरवलं. फॉर्म भरून देणाऱ्याने तिला चालू दुकानाचा फोटो मागितला. तिने स्टोव्ह पेटवला, भांडं ठेवलं, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. फोटो निघायच्या आधी पोलिसांची जीप आली आणि दुकान उघडलं म्हणून तिला दंड झाला.

पावती हातात घेऊन ती म्हणाली, "साहेब, याच्यावर दुकान चालू व्हतं असं लिहून द्या. फोटोचं काम भागते."

*

बायांच्या जनधन खात्यात पाचशे रुपये आले, तेव्हा मी आमच्या घरच्यांना, म्हणजे बायकोला, घेऊन बँकेत गेलो. रांग मोठी होती. वेळ जात नव्हता म्हणून मी तिचं पासबुक उघडून अक्षराला अक्षर लावत तिचं पूर्ण नाव वाचलं. चाळीस वर्षं मी तिला नुसतं "अवं" म्हणत आलो.

ती म्हणाली, "आणखी एक डाव वाचा."

रफिकच्या बायकोचं खातं वेगळ्या प्रकारचं निघालं, तिला काही आलं नव्हतं. येताना आमच्या घरच्यांनी पीठ घेतलं, दोन वेगळ्या पिशव्यांत. एक पिशवी वाटेत रफिकच्या घरी राहिली. मी काही विचारलं नाही. पैसे तिच्या नावाचे होते.

*

स्टँड उघडलं त्या सकाळी पहिला गजानन आला. आधी तो नेहमी पहिला यायचा आणि रफिक त्याच्यामागे दुसरा. मी पोचलो, गाडी त्याच्यामागे लावायला लागलो, तर तो हात हलवून ओरडला, "काका, एक गाडीची जागा सोडा. रफिक येऊन राह्यला असन."

मी जागा सोडली. मग त्याच्या लक्षात आलं की रफिककडे आता गाडीच नाही. माझ्याही लक्षात आलं. आम्ही दोघं त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिलो. मागून दोन गाड्या आल्या, त्यांतले दोघंही पाहत राहिले. जागा कोणी भरली नाही.

बस आली. गजानन भाडं घेऊन गेला. आता मोकळी जागा पहिल्या नंबरावर होती. बसमधून उतरलेले आणखी दोघं माझ्या गाडीत बसले. त्यांना सोडून मी परत आलो, तर भागाबाईने विचारलं, "हे भाडं कोनाचं?"

मी सांगायच्या आधी परत आलेला गजाननच म्हणाला, "नंबर रफिकचा व्हता."

भागाबाईने बिस्किटांची रिकामी बरणी पुढे केली. तेव्हापासून मोकळी जागा रोज आमच्यासोबत नंबरात लागायची, पुढे सरकायची, आणि तिचं भाडं बरणीत पडायचं.

*

संध्याकाळी गजानन ती बरणी घेऊन रफिककडे गेला. रफिक तेव्हा पोती उचलायच्या कामावर जात होता. तो म्हणाला, "गजूभाऊ, खैरात नोको मले."

"खैरात कोन देऊन राह्यलं बे? नंबरचं भाडं हाय. नंबर खाल्ला म्हणून उद्या तूच गावभर सांगशीन."

रफिकने बरणी घेतली. दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून परत पाठवली.

*

एकदा ट्रॅफिकचे साहेब आले. म्हणाले, "गाड्या रोडवर आल्या तुमच्या. मधात एवढी जागा हाय, तिथं लावा ना."

गजानन हात जोडून म्हणाला, "तिथं लागली हाय साहेब."

साहेबांनी जागेकडे पाहिलं, गजाननकडे पाहिलं, आणि चहा न पिताच गेले.

आणखी एकदा बाहेरगावचा एक ऑटोवाला त्या जागेत घुसला. भांडण झालं नाही. आम्ही चौघं उतरलो, आणि तो सीटवर बसलेला असतानाच त्याची गाडी ढकलत शेवटी नेऊन लावली. त्याने ब्रेकही दाबला नाही. दुपारी त्यानेच आम्हाला चहा पाजला.

*

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी रफिक गाडी घेऊन आला. जुनी होती, पण गाडी त्याची आणि परवानाही त्याचाच. त्याने ती शेवटी नेऊन लावली.

गजानन म्हणाला, "मागं काहून लावतं बे? तुया नंबर दुसरा हाय."

*

गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात आम्ही दोघंच. गाडी अंगणात उभी, आणि महिना कसा निघेल याचा घोर मला लागला होता. तो मी कोणाला बोललो नव्हतो.

आठ दिवसांनी काळा चष्मा लावून मी पायी स्टँडवर गेलो. पाहतो तर चार गाड्या लागल्या होत्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाडीच्या मधात अंतर दिसत होतं. मला वाटलं, डोळा अजून नीट झाला नाही. चष्मा काढून पाहिलं. अंतर तेवढंच.

भागाबाई बरणी पुसत होती. रफिकने स्टूल आणून ठेवलं. "बसा काका. ऊन लागते."

तेवढ्यात बस आली. पहिल्या नंबरावरचा गजानन भाडं घेऊन निघाला. बाकीचे ढकलायला उतरले. सवयीने मीही उठलो आणि हात लावायला पुढे झालो.

रफिकने माझा हात धरला. "तुमी बसा काका. तुमची गाडी आमी ढकलतो."