हॉटेलच्या मागचं शेत

सासऱ्याबरोबर एका खोलीत राहायची वेळ कुणावर येऊ नये. माझ्यावर आली, आणि तीही फ्रान्समध्ये.

फ्रान्सला जाऊन आलो म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. काय काय पाहिलं, विचारतात. मी पाहिलं ते एका शहराच्या बाहेरचं, हमरस्त्याच्या कडेचं स्वस्तातलं हॉटेल. समोर पेट्रोल पंप, शेजारी गोदामाएवढं फर्निचरचं दुकान, आणि दिवसभर गाड्या गरगर फिरत राहायच्या असा एक गोल चौक. जव्हारच्या एसटी स्टँडजवळच्या लॉजवर निदान गल्ल्यावरचा माणूस कुठून आलात म्हणून विचारतो. इथे दाराला आकड्यांची बटणं होती. आकडे बरोबर दाबले तर दार उघडायचं, नाहीतर तुम्ही कोण आणि कुठले याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. तिकडच्या एका लोकनृत्याच्या महोत्सवाला आमच्या भागातलं तारपा पथक बोलावलं होतं. तारपा वाजवणारा माझा सासरा, नाचणारे त्याच्या मोखाड्याकडच्या पाड्यावरचे, आणि मी इंग्रजी येतं म्हणून बरोबर. माझं इंग्रजी तिथे कुणाला कळलं नाही तो भाग वेगळा. हे सगळं जुळवून आणणारे एक साहेब होते. ते शहराच्या मध्यभागी, नदीकाठच्या हॉटेलात उतरले. कलाकारांना मोकळी हवा बरी, असं म्हणून आम्हाला त्यांनी या हमरस्त्यावर सोडलं.

मी या भानगडीत पडलो तो बदलीसाठी. मी शिक्षक. माझी शाळा खोडाळ्याच्या पुढे डोंगरात, आणि बायको दोन लहान मुलं घेऊन जव्हारला भाड्याच्या खोलीत. धाकट्याला दम लागायचा. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की मी आठवडा आठवडा तिकडेच, आणि ती एकटी पोराला कडेवर घेऊन दवाखान्यात रांगेला. साहेबांचं वरपर्यंत वजन होतं. दौरा नीट पार पडला तर जव्हारची जागा तुमची, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मला फ्रान्स नको होतं, जव्हार हवं होतं.

अडचण एकच होती. महोत्सव जुलैत होता, आणि आमच्याकडे पेरणी झाली की तारपा फुंकत नाहीत. भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य माळ्यावर चढतं आणि नवं भात देवाला दाखवलं की मगच खाली उतरतं. पीक उभं असताना तारपा वाजवला तर पिकाचं काही खरं नाही, असं जुनी माणसं मानतात. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, अहो मास्तर, तुम्ही शिकलेले ना. मग मी सासऱ्याकडे गेलो.

सासरा आणि मी, आमचं लग्नापासून फाटलेलं. मी साखरशेत गावाकडचा, लहानपणापासून आश्रमशाळेत. सुट्टीत घरी यायचो तेव्हा तारप्याच्या फेरात शिरायला लाज वाटायची, कारण पाय चुकला की बरोबरीची पोरं हसायची. पुढे नाचायचं राहूनच गेलं. म्हाताऱ्याने हे बरोबर हेरलं होतं. लग्नात, भर मांडवात, माझ्या भावकीसमोर तो म्हणाला होता की जो फेरात हात धरत नाही त्याच्या हातात मी पोर दिली. माणसं हसली. मला ते अजून लागतं. पगाराची नोकरी, पक्कं छत, दारू नाही, विडी नाही, आणि हा माणूस माझे पाय मोजत बसला.

तर मी गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तिथं शेत आहे का. मी म्हणालो, मामा, ते मोठं शहर आहे, तिथे कसलं शेत. शहरात शेत असतं का, तुम्हीच सांगा. आवणीची, म्हणजे भातलावणीची कामं दुसऱ्यांवर टाकून, माझ्या बायकोच्या शब्दाखातर म्हातारा निघाला.

आम्ही संध्याकाळी पोचलो. खोली म्हणजे एक डबा. खाली दोघांचा पलंग आणि त्याच्या डोक्यावर आडवी टाकलेली एक फळी, तिला शिडी. संडास बाहेर बोळात. त्याची तऱ्हा अशी की माणूस बाहेर पडला की दार आपोआप लागतं आणि आतल्या आत फवारे सुटून सगळं धुऊन निघतं. आमच्यातला एक जण चप्पल विसरली म्हणून परत आत शिरला आणि नखशिखांत भिजून बाहेर आला. सगळे पोट धरून हसले. हॉटेल सांभाळणारी बाई मात्र हसली नाही. ती सकाळ-संध्याकाळ काही वेळच काउंटरला असायची, पण तेवढ्यात आमच्या सुकटीचा वास तिने शोधून काढला आणि काट मारलेल्या ताटाचं चित्र काढलेला कागद आमच्या दारावर चिकटवला. तेव्हापासून नागलीची भाकरी आणि सुकट आम्ही पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मध्ये बसून खाल्ली.

जावयाशेजारी पलंगावर झोपणार नाही, असं सांगून म्हाताऱ्याने पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत घोंगडी टाकली. मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खिडकीचा पडदा सारला. मी तोंड धूत होतो. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. हॉटेलच्या मागे पार्किंग, पार्किंगला तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे थेट शेत. फर्निचरच्या दुकानामागून पार हमरस्त्याच्या पुलापर्यंत पसरलेलं, पिवळं पडत आलेलं, कमरेएवढं पीक. गहू असेल किंवा गव्हाचा कुणी भाऊबंद. वाऱ्याने ते सगळं एकाच बाजूला कलत होतं.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने तारपा जास्तीच्या धोतरात गुंडाळला, शिडी चढून वरच्या फळीवर ठेवला आणि खाली उतरला. मला काय झालं ते कळलं.

मी काय काय नाही सांगितलं. म्हटलं, हे भात नाही. म्हटलं, हे आपलं नाही, यांचे देव वेगळे, यांच्या पिकाला आपल्या तारप्याचं काय. म्हटलं, कार्यक्रम इथे नाहीच, तिकडे शहरात चौकात आहे, तिथून हे दिसणारही नाही. तो घोंगडीची घडी घालत होता.

“पीक कोणाचा बी असो, मास्तर,” तो म्हणाला. “उभा हाय. मी पाहिला.”

तेव्हा माझा तोल सुटला. मी म्हणालो, तुमच्या नातवाला दम लागतो तेव्हा तुमची पोर पावसात एकटी धावते, ते तुम्ही पाहिलंय का? ही बदली गेली तर ती अशीच धावत राहील, आणि ते तुमच्यामुळे असेल.

त्याने घडी पुरी केली. माझ्याकडे पाहिलं.

“शेत नाय, असा तूच बोलला होतास,” तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन कुंपणापाशी बसला.

मला इतका संताप आला की खोलीत फोडण्यासारखं काही आहे का ते मी पाहिलं. काही नव्हतं. सगळं भिंतीला स्क्रूने घट्ट बसवलेलं होतं.

साहेब टॅक्सीने आले. आधी हसून बोलले, मग खाजगीत बोलले, मग पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले. देशाची अब्रू वगैरे निघाली. म्हातारा कुंपणाला पाठ टेकून ऐकत होता, आणि साहेबांचं संपलं की पुन्हा पिकाकडे बघायचा. मला दोघांचाही राग येत होता. एकाला नदीकाठचं हॉटेल सोडवत नव्हतं म्हणून आम्ही या शेताच्या उशाशी येऊन पडलो होतो. आम्हालाही शहरात उतरवलं असतं, तर म्हाताऱ्याने मुकाट्याने वाजवला असता आणि मी जव्हारला गेलो असतो. हे मी साहेबांना बोललो नाही. बदली त्यांच्या हातात होती.

शेवटी साहेबांनी टेप आणला. त्यांच्याकडे कुठल्याशा मेळाव्यात भरलेली तारप्याची कॅसेट होती. शहरातल्या चौकाच्या मधोमध एक खुर्ची, खुर्चीवर टेप, आणि भोवती आमची माणसं. तारप्याच्या नाचात वाजवणारा मध्ये असतो आणि फेर त्याच्याभोवती वळतो. तो जिकडे वळेल तिकडे सगळे, आणि त्याच्याकडे पाठ कुणी करायची नाही. आता खुर्ची कुठे वळणार? पुढचा आत ओढायचा, मागचे बाहेर जायचे, फेर दोनदा तुटला. सासऱ्याची म्हातारी बहीण फेराच्या शेपटाला होती, ती तर मध्येच थांबून टेपकडे बघत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळत होतं म्हणून वाजवल्या, कोण जाणे. सासरा हॉटेलवरच थांबला होता.

परत येताना साहेब माझ्या शेजारच्या सीटवर बसले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, “मास्तर, जव्हारचं आता डोक्यातून काढा.”

त्या संध्याकाळी मी सासऱ्याकडे पाठ करून बॅगा भरत बसलो. त्याची बहीण आम्हा दोघांना भाकरी देऊन गेली. मी खाल्ली नाही. त्याने खाल्ली, आणि माझ्या वाटची झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळीच आम्ही सामान पार्किंगमध्ये आणून बसची वाट बघत होतो, तेवढ्यात धडधड ऐकू आली. शेतात घराएवढं यंत्र शिरलं होतं. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि मागे नुसता खुंट राहायचा. आमच्याकडे पाच-सहा घरांना जे कापायला चार दिवस लागले असते ते आमच्या डोळ्यांदेखत सपाट झालं. सगळे कुंपणाला लागून उभे होते. म्हातारा सगळ्यात पुढे.

यंत्र पलीकडे गेल्यावर तो तारेखालून वाकून आत गेला. खाली पडलेली चार कणसं त्याने उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारून भूस उडवलं. थोडे दाणे जमिनीवर ठेवले, काहीतरी पुटपुटला, उरलेले तोंडात टाकले. मग परत आला, सामानातल्या गुंडाळलेल्या धोतराची गाठ सोडली आणि तारपा तोंडाला लावला.

मी तो आवाज आयुष्यभर ऐकलेला आहे. लांबून, उशी कानावर घेऊन, रागाने. त्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या वासात तो एकदम छातीशी आला. फेर आपोआप उभा राहिला. कुणी कुणाला सांगितलं नाही. म्हातारा मध्ये, गाडीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून हळूहळू वळत, आणि माणसं त्याच्याभोवती, चौकात तुटलेली तीच माणसं, आता एका दोरीत ओवल्यासारखी. हॉटेलवाली बाई बाहेर आली, घड्याळाकडे बोट दाखवत काहीतरी बोलली, आणि फोन करायला आत गेली.

फेर माझ्या समोरून गेला. शेपटाला असलेल्या आत्याने, म्हणजे सासऱ्याच्या बहिणीने, चालता चालताच रिकामा हात माझ्यापुढे केला. दुसऱ्या वेळी पुन्हा केला. म्हाताऱ्याने गाल फुगलेलेच ठेवून डोळे तेवढे माझ्याकडे वळवले. माझ्या डोक्यात एकच होतं, की हे काल झालं असतं तर. एक दिवस, फक्त एक दिवस आधी ते यंत्र आलं असतं तर. मी दोन्ही हातांत दोन बॅगा घट्ट धरून उभा राहिलो. तिसऱ्या वेळी आत्याने हात पुढे केला नाही.

बस आली. साहेब आत होते. त्यांनी काच सरकवून विचारलं की हा आता कशाला वाजवतोय. शेत कापलं साहेब, मी म्हणालो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय, आणि मुंबईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

जव्हारला पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. धाकटा झोपला होता, छाती घरघरत होती. बायकोने ताट वाढलं. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हातारा कसा अडून बसला, टेपवर नाच कसा झाला, साहेब काय म्हणाले, बदली कशी गेली. माझी अपेक्षा होती की निदान आज ती बापाला चार शब्द बोलेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“शेत कापल्यावर वाजवला ना बाबांनी?” तिने विचारलं.

हो म्हणालो.

“तुम्ही होतात फेरात?”

मी म्हणालो, सामान कोण सांभाळणार होतं? आणि मुद्दा तो नाहीच, मुद्दा बदलीचा आहे. तुझ्यासाठीच गेलो होतो मी तिथे.

तिने धाकट्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

“मग इतक्या लांब जाऊन तुम्ही हात धरायचे तेवढे राहिलात,” ती म्हणाली.

ताटातला भात गार झाला होता. मी तो तसाच खाल्ला, आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने शाळेवर गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आवणी उरकलेली होती, खाचरांतून भात हिरवंगार उभं होतं.